दादा म्हणतो जीन टेस्ट करा, डॉक्टर म्हणतात थांबा

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ६६ वर्षांचे आहेत, बँकेतून निवृत्त. पाच महिन्यांपूर्वी पुण्यात रोबोटिक शस्त्रक्रियेने त्यांची प्रोस्टेट ग्रंथी काढली. आधी पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ८.६ होता. बायोप्सीच्या अंतिम रिपोर्टात ग्लीसन ३+४=७, कॅप्सूलच्या बाहेर थोडा पसरलेला, एका जागी मार्जिन पॉझिटिव्ह, सेमिनल व्हेसिकल आणि लिम्फ नोड स्वच्छ, असं लिहिलंय. सहा आठवड्यांनी पीएसए ०.०१ आला. परवा इथे साताऱ्यात केला, तो ०.०२. माझा दादा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, दुप्पट झाला, ताबडतोब ‘डिसायफर’ नावाची जीन टेस्ट करा, म्हणजे कॅन्सर परत येणार की नाही ते कळेल, इथे सगळ्यांची करतात. खर्च लाखांत आहे. पुण्याचे डॉक्टर म्हणतात आत्ता गरज नाही. दादाला वाटतं ते जुन्या वळणाचे आहेत. डिसेंबरात तो येणार आहे, तेव्हा ब्लॉक (काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा) बॅगेत घालून घेऊन जाईन म्हणतो. त्याने एक पीडीएफही पाठवलीय, त्यात टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी या जीनच्या जोडणीबद्दल आहे, ते काय? अण्णांना आम्ही ‘गाठ होती, काढली’ एवढंच सांगितलंय. घरात कॅन्सर तसा कुणाला नाही. आत्या ४४व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली, पण तो बायकांचा, त्याचा इथे संबंध नसावा. तिच्या मुली कोल्हापूरला असतात. काय करू?
– एक लेक, सातारा

उत्तर :

ताई, आधी त्या ०.०२चा निकाल लावू, कारण तुमच्या घरातली सगळी पळापळ तिथून सुरू झालेली दिसते. ०.०१चे ०.०२ झाले म्हणजे दुप्पट, हे दादांचं गणित बरोबर आहे. पण पहिला आकडा पुण्याचा आहे आणि दुसरा साताऱ्याचा. यंत्र वेगळं, किट वेगळं. या पातळीवर तर एकाच नळीतलं रक्त एकाच यंत्रावर सकाळ-संध्याकाळ लावलं तरी शेवटचा अंक इकडेतिकडे होतो. शस्त्रक्रियेनंतर ‘पीएसए परत आला’ असं म्हणायला तो ०.२ किंवा त्याहून जास्त व्हावा लागतो, आणि पुन्हा तपासून पक्का करावा लागतो. अण्णांचा आकडा त्याच्या दहाव्या हिश्शात आहे. यापुढे एकच लॅब धरा, मग ती साताऱ्याची असो की पुण्याची. अण्णा केसांसाठी किंवा ताकदीसाठी बायोटिन असलेली गोळी घेत असतील तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा. काही यंत्रांवर तिच्यामुळे आकडा चुकतो.

आता रिपोर्टाकडे. मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर तो ऐवज ज्यांच्या टेबलावर येतो त्यांच्यातली. त्यामुळे लाखांच्या चाचणीआधी हातातल्या फुकटच्या कागदात काय लिहिलंय ते बघायची मला सवय. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०११ साली ‘कॅप्रा-एस’ नावाचा गुणांक मांडला. त्याला जीन लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. शस्त्रक्रियेआधीचा पीएसए ६ ते १०च्या मध्ये, १ गुण. ग्लीसन, म्हणजे पेशींची रचना किती बिघडलीय त्याचा आकडा, ३+४, १ गुण. कॅप्सूलबाहेर, म्हणजे ग्रंथीच्या आवरणाबाहेर पसरला, १. मार्जिन पॉझिटिव्ह, म्हणजे कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी, २. सेमिनल व्हेसिकल (शेजारची वीर्याची पिशवी) आणि लिम्फ नोड (रसग्रंथी) स्वच्छ, त्यांचे शून्य. एकूण १२पैकी ५. दोनपर्यंत धोका कमी, ३ ते ५ मध्यम, ६पासून पुढे जास्त. अण्णा मधल्या गटात आहेत, पण वरच्या काठावर.

या काठावर असण्यामुळेच मी तुम्हाला एक काम सांगणार आहे, आणि ते जीन टेस्टच्या आधीचं आहे. स्लाइड दुसऱ्या, प्रोस्टेट रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या. टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइडचा रिव्ह्यू होतो, पुण्यातही चांगले लोक आहेत. ३+४ की ४+३, यावर आम्हा पॅथॉलॉजिस्टांत मतभेद होतात. ही कुणाची हलगर्जी नव्हे. पेशींच्या रचनेतला कोणता नमुना जास्त आणि कोणता कमी, हे शेवटी डोळ्याने ठरवायचं असतं. पण उद्या कुणी ४+३ म्हणालं तर तिथे १ ऐवजी २ गुण होतात, बेरीज ६ होते आणि अण्णा जास्त धोक्याच्या गटात जातात. उलट, मार्जिनवरचा कॅन्सर किती मिलिमीटर लांबीचा आहे आणि त्या जागी ग्लीसनचा कोणता नमुना आहे, हे रिपोर्टात नसेल तर विचारून घ्या. दोन-तीन मिलिमीटरचा ३ नंबरचा नमुना आणि सेंटिमीटरभर ४ नंबरचा, या दोन्हींना रिपोर्टात ‘मार्जिन पॉझिटिव्ह’च म्हणतात.

मग डिसायफर. दादांनी सुचवलेली गोष्ट भोंदू नाही, हे आधी सांगते. या जातीच्या तीन चाचण्या नावाजलेल्या आहेत : डिसायफर, प्रोलॅरिस आणि ऑन्कोटाइप. ऑन्कोटाइप मुख्यतः शस्त्रक्रियेच्या आधी, बायोप्सीच्या तुकड्यावर करतात. शस्त्रक्रियेनंतरच्या प्रश्नासाठी सर्वांत जास्त अभ्यास डिसायफरचा झालाय. तुमच्या पत्रावरून वाटतं, ही चाचणी अण्णांच्या रक्तातले, म्हणजे पर्यायाने तुमच्याही अंगातले जीन वाचते असा तुमचा समज झालाय. तसं नाही. घरातल्या पाककृतींच्या वहीत शंभर पदार्थ लिहिलेले असतात, पण आज चुलीवर काय शिजतंय ते वही उघडून कळत नाही, झाकण उघडावं लागतं. डिसायफर झाकण उघडते. कॅन्सरच्या गाठीतला सर्वांत वाईट दिसणारा भाग निवडून त्यातला आरएनए काढतात, आणि ठरलेल्या २२ जीनचं काम त्या गाठीत किती जोरात किंवा किती मंद चाललंय ते मोजतात. पेशी किती वेगाने वाढताहेत, जागा सोडून जायची तयारी दिसते का, पुरुषी हार्मोनच्या हुकमात किती आहेत, असा त्याचा रोख असतो. त्यातून ० ते १ मधला एक आकडा निघतो. ०.४५च्या खाली कमी धोका, ०.६०च्या वर जास्त. इथे बरेच शिकलेले लोकही फसतात : ०.६ म्हणजे साठ टक्के नव्हे.

मग किती? २०१७ साली पाच अभ्यासांतल्या, शस्त्रक्रिया झालेल्या ८५५ पुरुषांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. दहा वर्षांत कॅन्सर हाडांत किंवा इतरत्र पसरला असे रुग्ण कमी गुणांच्या गटात ५.५ टक्के, मधल्या गटात १५ टक्के आणि जास्त गुणांच्या गटात २६.७ टक्के होते. गटागटांत फरक आहे, आणि तो खरा आहे. पण शेवटचा आकडा उलटा वाचा. चाचणीने ज्यांना ‘जास्त धोका’ म्हटलं त्या शंभरातल्या सुमारे ७३ जणांचा कॅन्सर दहा वर्षांत कुठेही पसरला नाही. आणि ‘कमी धोका’ म्हटलेल्या शंभरातल्या पाच-सहा जणांचा पसरला. ‘परत येणार की नाही ते कळेल’ हे दादांचं वाक्य म्हणून खोडावं लागतं. चाचणी अण्णांना एका गटात बसवते. त्या गटात अण्णा कोण, हे ती सांगत नाही. शिवाय ज्या पुरुषांवर ती घडवली आणि पारखली ते बहुतेक अमेरिका, कॅनडा, युरोपातले. आपल्याकडच्या पुरुषांवर तिची पारख फारच थोडी झालेली आहे.

आणखी एक गल्लत दादांच्या बोलण्यात दिसते, आणि ती भीती वाढवणारी आहे. पीएसए वर येणं, कॅन्सर हाडांपर्यंत जाणं आणि माणूस त्याने दगावणं, या तीन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामध्ये वर्षं जातात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रिया झालेल्या १,९९७ पुरुषांचा अभ्यास १९९९ साली छापून आला. त्यातल्या १५ टक्क्यांचा पीएसए परत आला. त्यांपैकी ज्यांना लगेच हार्मोनचे उपचार दिले नाहीत, अशा ३०४ जणांकडे फक्त लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या ३४ टक्क्यांचा आजार पुढे पसरला, आणि पीएसए वर आल्यापासून आजार पसरेपर्यंतचा मध्यम काळ ८ वर्षं निघाला. पीएसए किती लवकर परतला, किती महिन्यांत दुप्पट होतोय आणि ग्लीसन किती होता, यावर कोण कुठे जाणार ते बरंचसं ठरत होतं. पीएसए दुप्पट व्हायला दहा महिन्यांहून कमी लागत असतील तर काळजी जास्त. हा दुप्पटपणा मोजायचा तो पीएसए खरोखर वर आल्यानंतर, ०.०१ आणि ०.०२मध्ये नाही.

दादांच्या पीडीएफमध्ये टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी या दोन जीनच्या जोडणीबद्दल लिहिलंय, तेही तुम्ही विचारलंय. २००५ साली मिशिगनमध्ये हा शोध लागला. पाश्चात्त्य पुरुषांच्या प्रोस्टेट कॅन्सरपैकी सुमारे निम्म्यांत ही जोडणी सापडते, आशियाई पुरुषांत कमी. कॅन्सर कसा सुरू होतो हे समजायला मोठाच शोध. पण शस्त्रक्रियेनंतर कुणाचा परत येईल हे सांगायला ती जोडणी जवळजवळ निरुपयोगी ठरली. तो कागद बाजूला ठेवा.

आता मुख्य गोष्ट. कुठलीही चाचणी करण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचा : आकडा वाईट आला तर आपण उद्या वेगळं काय करू, आणि चांगला आला तर काय करायचं थांबवू? दोन्हींचं उत्तर एकच असेल तर पैसे कशाला द्यायचे?

अण्णांच्या बाबतीत आत्ता ते उत्तर एकच आहे, असं माझं मत. दादांच्या मनात असणार की आकडा वाईट आला तर लगेच शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन मोकळं व्हावं. पूर्वी अशा रिपोर्टांवर ते सर्रास देतही असत. २०२०मध्ये ‘रॅडिकल्स’ नावाच्या ट्रायलचे, म्हणजे रुग्णांवर केलेल्या उपचारांच्या तुलनेचे, निकाल आले. ब्रिटन, डेन्मार्क, कॅनडा आणि आयर्लंडमधले १,३९६ पुरुष त्यात होते. अर्ध्यांना शस्त्रक्रियेनंतर लगेच शेक दिला. उरलेल्यांचा पीएसए बघत राहिले, आणि तो ०.१पर्यंत पोचला किंवा सलग वाढत गेला तरच शेक दिला. पाच वर्षांनी आजार आटोक्यात असलेले लोक दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले : लगेच घेतलेल्यांत ८५ टक्के, थांबलेल्यांत ८८. पण लगेच शेक घेतलेल्यांना लघवीवर ताबा न राहण्याचा आणि मूत्रमार्ग आखडण्याचा त्रास जास्त झाला. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या अशाच दोन ट्रायल त्यात मिळवल्या तरी निष्कर्ष बदलला नाही. अण्णांची शस्त्रक्रिया होऊन पाचच महिने झालेत. लघवीवरचा ताबा परत यायला बऱ्याचदा वर्ष जातं. त्या जागेवर विनाकारण शेक म्हणजे जे सावरतंय त्यावरच घाव. लिम्फ नोडमध्ये आजार सापडला असता किंवा ग्लीसन ८ ते १०चा असता, तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. तेव्हा पुण्याचे डॉक्टर जुन्या वळणाचे नाहीत. उलट २०२०नंतरचं वाचून बोलताहेत.

मग डिसायफर कधी? पुढेमागे पीएसए खरोखर वर आलाच तर शेक द्यावा लागेल, आणि त्या वेळी एक अवघड प्रश्न पडतो : शेकाबरोबर हार्मोन बंद करणारं औषधही द्यायचं का? त्या औषधाने घाम, वाफा, थकवा येतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. ६६च्या माणसाला ते फुकटात मिळत नाही. अमेरिकेतल्या एका जुन्या ट्रायलमध्ये ७६० पुरुषांना शेकाबरोबर बायकॅल्युटामाइड हे हार्मोनचं औषध किंवा नुसती साखरेची गोळी दिली होती. त्यातल्या ३५२ जणांचे जपून ठेवलेले नमुने नंतर डिसायफरने तपासले, ते २०२१मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांचा आकडा कमी होता त्यांना हार्मोनच्या औषधाचा फायदा फार थोडा दिसला, जास्त आकड्यांच्या लोकांना बराच जास्त. म्हणजे तिथे चाचणी औषध वाचवू शकते. त्या दिवशी अण्णांच्या डॉक्टरांनी सांगितलं तर नक्की विचार करा.

आणि तोवर नमुना खराब होईल, ही भीती नको. डिसायफर मुळात घडली ती अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८७ ते २००१ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या ५४५ पुरुषांच्या, वर्षानुवर्षं कपाटात पडून असलेल्या मेणाच्या ब्लॉकवर. चाचणी प्रसिद्ध झाली २०१३मध्ये. अण्णांचा ब्लॉक दोन-चार वर्षं सहज थांबेल.

फक्त तो दादांच्या बॅगेत नको. ब्लॉक एकमेव असतो. हरवला की पुढची प्रत्येक तपासणी गेली. तो मेणाचा असतो, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर विरघळतो. हॉस्पिटलकडून रीतसर पावती करून घ्या, शक्य तिथे ब्लॉकऐवजी त्याचे पातळ काप मागा, आणि चाचणी करायचीच वेळ आली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीने, लॅबच्या माणसाकडून पाठवा. दादांना हेही सांगा की त्यांच्याकडे ‘सगळ्यांची करतात’, कारण तिकडे मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, ते बिल भरतं. पाच हजार डॉलरच्या घरातलं ते बिल इथे घरच्या खिशातून जाईल. दूर राहणाऱ्या मुलाला काहीतरी करायचं असतं, ते मला कळतं. दर तीन महिन्यांनी अण्णांच्या पीएसएची तारीख लक्षात ठेवून तुम्हाला फोन करायचा, हे काम त्यांच्याकडे द्या. पहिल्या दोन वर्षांत तीन ते सहा महिन्यांच्या अंतराने होणारी ती काही शे रुपयांची तपासणी अण्णांसाठी आत्ता सर्वांत मोलाची आहे.

आता तुमच्या आत्याबद्दल. ‘बायकांचा कॅन्सर, संबंध नसावा’ असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच अडकले.

बीआरसीए-२ नावाचा एक जीन आहे. लोक त्याला स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडतात, पण त्यातला जन्मजात दोष पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सरही घडवू शकतो, आणि असा कॅन्सर बऱ्याचदा जास्त आक्रमक असतो. हा दोष आईकडूनच येतो असं मुळीच नाही. बापाकडूनही येतो, मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला येण्याची शक्यता निम्मी. प्रोस्टेटचा कॅन्सर झालेल्या माणसाच्या सख्ख्या बहिणीला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर त्याची जन्मजात जीनची तपासणी करावी, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. अण्णांना ती लागू होते. ही तपासणी गाठीवर नाही, रक्तावर किंवा लाळेवर होते. ती भारतातल्या लॅबमध्ये होते आणि डिसायफरच्या तुलनेत फारच स्वस्त पडते. पाककृतींची वही उघडायची ती इथे.

बहुतेकदा काही सापडत नाही, तसंच होवो. पण सापडलं तर अण्णांवर लक्ष जास्त बारकाईने ठेवता येईल, आणि आजार कधी पसरलाच तर ओलापॅरिबसारखी गोळी, जी अशा दोषावरच काम करते, डॉक्टरांच्या हाताशी राहील. तुम्हाला आणि दादांना तो दोष आलाय का, हे मग एका छोट्या तपासणीत कळतं. काही वेळा रिपोर्टात ‘अर्थ निश्चित नसलेला बदल’ असं येतं. आपल्या लोकांत ते जरा जास्त येतं, कारण तुलनेची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. त्यावरून कुणी काही कापून काढायला सांगितलं तर ऐकू नका. म्हणूनच ही तपासणी परस्पर लॅबमध्ये न जाता जेनेटिक समुपदेशन असलेल्या ठिकाणी करा. टाटाचा स्वतःचा कॅन्सर जेनेटिक्स विभाग आहे.

इथे तुमची एक अडचण होणार. ही तपासणी अण्णांना अंधारात ठेवून होत नाही. त्यांची लेखी संमती लागते, आणि समुपदेशक त्यांच्याशीच बोलतील. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने ऑपरेशन, कॅथेटर आणि दर महिन्याची पुण्याची फेरी पाहून काहीच ओळखलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. बहुधा तुम्हाला त्रास नको म्हणून तेही गप्प आहेत. तुम्ही सांगा, किंवा पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगायला लावा आणि शेजारी बसा. बहिणीच्या मुलींसाठी रक्त द्यायचंय म्हटलं तर मला नाही वाटत ते नाही म्हणतील.

त्या मुलींना मात्र अण्णांच्या रिपोर्टची वाट बघायला लावू नका. आईला चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला, एवढं कारण त्यांना पुरे आहे. स्तनांची तपासणी कधीपासून सुरू करायची ते सहसा आईच्या निदानाच्या वयातून दहा वर्षं वजा करून ठरवतात. आत्या ४४व्या वर्षी गेल्या, म्हणजे निदान त्याआधीचं. मुली तिशीत असतील तर वेळ झालेली आहे. आत्यांचे जुने कागद, विशेषतः बायोप्सीचा रिपोर्ट, कोल्हापूरच्या घरात कुठे असतील तर ते शोधून ठेवायला सांगा. समुपदेशक पहिल्याच भेटीत तेच मागतील.